सातव्या घरातली साळू

माझ्या सासूबाई कधी कुणाशी भांडल्या नाहीत. पंचवीस वर्षांच्या संसारात मी भांडायच्या पुष्कळ संधी दिल्या, त्यांनी एकही घेतली नाही. त्यामुळे जूनमधल्या एका रविवारी त्यांनी फोनवर नंदूला "तुझी कमिटी गेली खड्ड्यात" असं सुनावलं, तेव्हा माझ्या हातातली कढई सिंकमध्ये पडली आणि श्रीहरी, म्हणजे माझा नवरा, अर्धी दाढी करून बाथरूममधून बाहेर आला.

आम्ही तोक्योत ओजिमाला राहतो, सरकारी वसाहतीत, अकराव्या मजल्यावर. श्रीहरी बँकेत आहे. तीन वर्षांसाठी म्हणून आलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. सासरे गेल्यापासून सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दर उन्हाळ्यात तीन महिने येऊन राहतात. नंदू हा श्रीहरीचा चुलतभाऊ, गावी शेती बघतो.

आमच्या गावाचं नाव बाराघरं. शंभर वर्षांपूर्वी त्या माळावर कालवा आला. माळरान मोडून पिकाखाली आणायची ज्यांची तयारी असेल त्यांना कालव्याच्या कचेरीनं जमीन देऊ केली, आणि बारा कुटुंबं येऊन राहिली. यंदाच्या दसऱ्याला चावडीपुढे त्या बारा घरांच्या नावांचा दगड बसायचा होता. गावानं कमिटी नेमली. कमिटीनं तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून कचेरीनं तेव्हा केलेली खानेसुमारी शोधून काढली, आणि त्या बारा घरांत वाबळ्यांचं घर नव्हतं. वाबळे म्हणजे आम्ही.

"कागदावर आपलं नाव एकोणीसशे चौतीसच्या फेरफारात पहिल्यांदा येतं काकू," नंदू सांगत होता. "मास्तरांच्या नावानं. म्हणजे आपण मागनं आलो. कमिटी म्हणती, दगडाच्या मागच्या बाजूला नाव घालू."

मास्तर म्हणजे आईंचे सासरे. त्यांची आई भागीरथी. आमच्या घरात लहानपणापासून प्रत्येकानं ऐकलेली गोष्ट अशी, की भागीरथीचा नवरा रामजी मानमोडीच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या तापाच्या, साथीत गेला, दिरांनी वाटणी नाकारली, आणि ती दोन पोरं आणि एक बैल घेऊन या माळावर आली. दुसऱ्या बैलासाठी तिनं चौथ्या घराशी सावड केली. एक दिवस दोन्ही बैल त्यांच्या रानात, एक दिवस हिच्या. नांगर तिनं स्वतः धरला.

आई लग्न होऊन आल्या तेव्हा ही भागीरथी सदुसष्टची होती. चार वर्षं दोघी एका खोलीत झोपल्या. आई एकोणीस वर्षांच्या, पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या. म्हातारी रात्री त्यांच्या अंगावर गोधडी ओढायची आणि सांगायची, पोरी, मी आले तेव्हा इथं सावलीला एक झाड नव्हतं, तुला तर मी आहे. हे सांगताना आईंचा आवाज अजून ओला होतो.

"म्हणजे आजी खोटं बोलायच्या?" आईंनी विचारलं.

"तसं नाही काकू. म्हाताऱ्या माणसाचं कसं असतं, ऐकलेलं स्वतःचं वाटायला लागतं."

यानंतर कमिटी खड्ड्यात गेली.

नंदू गरीब माणूस आहे. त्यानं कमिटीकडून आठवड्याची मुदत घेतली, मग आणखी आठवड्याची, आणि सापडतील त्या कागदांचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवत राहिला. कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पाणीपट्टीची यादी, देवी टोचल्याची नोंद. श्रीहरीनं लगेच एक्सेल शीट उघडली. बँकेतल्या माणसाला एक्सेल शीट उघडली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. आम्ही भागीरथी शोधत होतो. भागीरथी, भागू, भागा, भागिर्थीबाई, भागीरथी कोम रामजी, म्हणजे रामजीची बायको. शीटमध्ये एकशे सत्तर ओळी झाल्या आणि आमची भागीरथी एकाही ओळीत नव्हती.

खानेसुमारीत सातव्या घरापुढे लिहिलं होतं: साळू, विधवा, वय सव्वीस, मुलगे दोन, बैल एक.

"ही बघ, हीच," आई म्हणाल्या. "दोन मुलगे, एक बैल."

"पण नाव साळू आहे, आई," श्रीहरी म्हणाला. "तशा विधवा काय कमी होत्या? मानमोडीत घरंच्या घरं बसली. आणि पलीकडच्या आळीतले लोक म्हणतायत, ती त्यांची चुलत पणजी."

आई गप्प बसल्या की घरात वावरणं मुश्कील होतं. जेवताना अर्धी भाकरी परत डब्यात ठेवायच्या. सकाळी बाल्कनीत बसून खाली सायकलस्टँडकडे बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "त्यांची आठवण ठेवणारी मी शेवटची आहे अपूर्वा. माझ्यानंतर हे मागच्या बाजूचंच खरं होणार." सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं, आणि दगड घडवणाऱ्याला ऑगस्टअखेर नावं द्यायची होती.

आता कुरोसाकी-सान. या आमच्या शेजारच्या, वय एक्क्याऐंशी. आम्ही राहायला आल्यापासून त्यांनी माझ्यावर कचऱ्यावरून डोळा ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत नारळाची करवंटी सापडली म्हणून पिशवी दाराशी परत आणून ठेवली होती. आई पहिल्यांदा आल्या आणि चित्र पालटलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे त्यांचं फार छान जमतं. कुरोसाकी-सान भोपळा देतात, आई त्याचे घारगे परत करतात. दोघी शेतातल्या, एवढं दोघींना हात बघूनच कळलं असावं.

ऑगस्टात एका दुपारी कुरोसाकी-सान कागदांचा जाडजूड लिफाफा घेऊन आल्या. त्यांचे आजोबा तोयामाहून होक्काइदोला गेलेले, तोकाचीच्या जंगलात झाडं तोडून शेत केलेल्या पहिल्या लोकांपैकी. त्यांची जुनी कुटुंबनोंद आता म्हणे इथल्याच वॉर्ड ऑफिसात मिळते, थेट वंशजाला. त्यांनी ती काढून आणली होती आणि दाखवायला घरात कुणी नव्हतं. मुलगा ओसाकाला असतो, त्याला यात रस नाही.

चहा झाला. कुंचल्यानं लिहिलेली उभी उभी अक्षरं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली. काही नावांवर फुली मारलेली होती. आईंनी त्यावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच विचारलं, वारले?

"वारले, किंवा घर सोडून गेले," कुरोसाकी-सान म्हणाल्या, मी मराठीत सांगितलं. "मुलगी लग्न होऊन गेली की इथे फुली आणि तिकडच्या घरात नवी नोंद." मग त्यांनी आपल्या आजीची नोंद दाखवली. कुणाची मुलगी, कितवी मुलगी, कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आली, सगळं तिथंच.

आईंनी मला विचारलं, "आणि लग्नाआधीचं नाव कुठं लिहिलंय?"

मी विचारलं. कुरोसाकी-साननी आडनाव दाखवलं. आई म्हणाल्या, "आडनाव नाही. नाव. तिचं नाव."

"हेच की. किनु," कुरोसाकी-सान म्हणाल्या.

"हे लग्नानंतरचं. आधीचं?"

कुरोसाकी-सान माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं मी भाषांतर चुकतेय. मी पुन्हा नीट सांगितलं, की आमच्याकडे लग्नात मुलीचं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा आणि त्या दिवसापासून तेच नाव. त्यांनी चष्मा काढला.

"मग तिला आधी ओळखणारे लोक तिला शोधणार कसे?" त्यांनी विचारलं.

हे मी आईंना मराठीत सांगायला लागले आणि वाक्याच्या मध्येच थांबले. आई माझ्याकडे बघत होत्या. आम्हा दोघींना एकदमच कळलं. सातव्या घरातली साळू.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये? नाही आली. नंदूची बायको मेधा लग्नाआधी सुचित्रा होती, मी तिच्या लग्नात जेवलेय, तरी नाही आली. श्रीहरीच्या दोन्ही आत्यांची नावं बदलली. आईंचंही. "माझं मास्तरांनी ठेवलं," त्या मला कुरोसाकी-सानना सांगायला लावत होत्या, "नवरा शशिकांत, म्हणजे चंद्र, म्हणून बायको कौमुदी, म्हणजे चांदणं." घराण्यात नाव न बदललेली मी एकटी, आणि त्याचा मला केवढा तोरा. पण एकदा बदललेलं नाव इतकं घट्ट बसतं, की त्या बाईला आधी दुसरं नाव होतं हे सगळे विसरतात. पणजीला आम्ही भागीरथी म्हणूनच जन्माला घातलं होतं.

संध्याकाळी श्रीहरी आल्यावर मी त्याची एक्सेल शीट बंद करायला लावली. "तिला सासरच्या नावानं शोधून उपयोग नाही," मी म्हटलं. "ती सासर सोडून आली होती. तिथलं नाव तिनं कचेरीत कशाला सांगितलं असेल?"

"असेल. पण कागद कुठून आणणार?"

त्याचं उत्तर आईंनी दिलं. त्या कणीक मळत होत्या, हात तसेच. "मास्तरांचा जन्म कुठं झाला असेल? पहिलं बाळंतपण माहेरी. तिथं नोंद माहेरच्याच नावानं."

भागीरथीचं माहेर खडकवडी, बाराघरांपासून दहा कोस. हे आईंना माहीत होतं. मास्तरांची जन्मतारीख तर घरात सगळ्यांना पाठ, कारण ते दर वाढदिवसाला मुलांकडून पाढे म्हणून घ्यायचे. चौदा जानेवारी एकोणीसशे सोळा, संक्रांत. नंदूला फोन लावला.

नंदू मोटारसायकलवर खडकवडीला गेला. पहिल्या दिवशी तलाठी भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पावसानं रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी कोतवाल बुक मिळालं, पण मोडीत. मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक भानुदास जगदाळे गावाला गेलेले, ते यायला चार दिवस. तेवढ्या दिवसांत आईंनी आमची सगळी भांडी घासून लख्ख केली, नंतर कुरोसाकी-सानचीही.

अठ्ठावीस ऑगस्टला दुपारी फोन आला. श्रीहरी ऑफिसात होता. मी स्पीकर लावला.

"काकू, वाचतो हां," नंदू म्हणाला. "गेनू तांबे यांची लेक साळू, हिस मुलगा. बाप रामजी वाबळे. तारीख चौदा जानेवारी सोळा. खाली कोतवालाचा अंगठा."

आईंनी फोन जवळ ओढला.

"ऐकताय ना काकू? कमिटीपुढं ठेवला कागद. सगळ्यांनी मानलं. सातवं घर आपलं. आजी खोटं बोलत नव्हत्या, चुकी माझी झाली." मग त्यानं विचारलं, "आता दगडवाल्याला नाव द्यायचंय. कैलासवासी भागीरथीबाई रामजी वाबळे, असंच ना? मास्तरांची आई म्हणून सगळे त्याच नावानं ओळखतात."

"नाही," आई म्हणाल्या. "साळू लिही."

"काकू, नुसतं साळू बरं नाही दिसायचं. लोकांना कळणार कसं?"

"नको कळू दे. कचेरीतल्या माणसानं विचारलं तेव्हा तिनं स्वतः सांगितलेलं नाव आहे ते. खाली बारीक अक्षरात काय घालायचं ते घाला. वर साळू."

नंदूनं हो म्हटलं. त्याला दुसरं काही म्हणायची सोयच आईंनी ठेवली नव्हती.

फोन ठेवल्यावर मला वाटलं त्या खूश होतील. मी शिऱ्याला रवा भाजायला घेणार होते. त्या खुर्चीवर बसून रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता.

"आई, मिळालं की सगळं."

"शेवटचे पाच दिवस मी त्यांच्या उशाशी होते," त्या म्हणाल्या. "मास्तर होते, हे होते, पण बायकांचं सगळं मीच करत होते. त्या नुसत्या आढ्याकडे बघायच्या. मी कानाशी जाऊन हाक मारायची, भागीरथीआजी, भागीरथीआजी. पाणी घ्या. कूस बदलते. काही नाही. ओ नाही, मान हलवणं नाही. डॉक्टर म्हणाले, कान गेले. कान गेले नव्हते गं. बाहेर गाय हंबरली की पापणी हलायची."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"त्या तेव्हा कुठं होत्या कुणास ठाऊक. खडकवडीला असतील, आईजवळ. तिथं भागीरथी म्हणून कुणी नव्हतंच. पाच दिवस मी परक्या नावानं हाक मारत बसले. एकदा साळू म्हटलं असतं तर बघितलं असतं त्यांनी माझ्याकडे."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"विचारलं नाही म्हणून नव्हतं माहीत. चार वर्षं एका खोलीत झोपलो."

मी पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली राहिले आहे. बाळंतपणं त्यांनी केली, आजारपणं काढली, या खोलीतही आता तीन उन्हाळे झाले. माझी मान वर होईना. त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"ऐक अपूर्वा. श्रीहरीलाही सांग, तो विसरेल, तू लक्षात ठेव. माझी वेळ आली आणि मी ओ दिली नाही, तर कौमुदी कौमुदी करत बसू नका. आई म्हणूनही नको."

"मग?"

"हौसा म्हणा," त्या म्हणाल्या. "मी वळून बघेन."