बंधाऱ्याखालच्या दोन धारा

उल्हासरावांनी मनातल्या मनात सहापर्यंत आकडे मोजले, तेव्हा कुठे होडी सुलटी झाली आणि ऋताचं लाल हेल्मेट पाण्यावर आलं. तिने तोंडावरचं पाणी झटकलं, वल्ह्याचे दोन फटके मारले आणि पुन्हा त्याच फेसाळ लाटेत जाऊन बसली. मग होडीचं नाक मुद्दाम पाण्यात खुपसून तिने अख्खी होडी उभी केली, कोलांटी घेतली आणि परत उलटी झाली. उल्हासरावांनी परत एकपासून सुरुवात केली.

हा त्यांच्या लेकीचा छंद. दर शनिवारी बुडायला यायचं, न बुडता घरी जायचं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं.

अमेरिकेतल्या हर्नडनपासून गाडीने तासाभरावरची ही नदी. कुण्या जुन्या गिरणीसाठी बांधलेला दगडी बंधारा मधोमध फुटला होता. सगळं पाणी त्या खिंडाराकडे धावायचं, धबकन खाली पडायचं आणि पडल्या जागी उलटं वळून फिरत राहायचं. त्या उलट्या फिरणाऱ्या लाटेवर कयाक नावाच्या आखूड, एकट्याच्या होडीत बसून कसरती करायच्या, एवढाच खेळ. लाटेने बाहेर फेकलं की पुढे एक खडकाळ बेट होतं आणि त्याच्या दोन बाजूंनी दोन धारा, एक अलीकडची, एक पलीकडची. कुठूनही गेलं तरी खालच्या शांत डोहात पोचता येत होतं.

उल्हासराव मूळचे नागपूरचे. पाण्याशी त्यांचा संबंध म्हणजे अंबाझरी तलावाच्या काठावर बसून खाल्लेले फुटाणे. पोहणं त्यांना येत नव्हतं आणि साठी उलटल्यावर शिकायची हौसही नव्हती. आज ते आले होते ते बायकोने पाठवलं म्हणून. जानेवारीत ऋताचा खांदा निखळला होता आणि ही गोष्ट आईबापाला कळली मार्चमध्ये. तेव्हापासून रेखाताईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"माझं ती ऐकत नाही," रेखाताई म्हणाल्या होत्या. "तुम्ही एकदा जाऊन बघा, आणि तिथल्या तिथे सांगा, की आता पुरे. बाप म्हणून सांगा."

येताना गाडीत त्यांनी ते वाक्य दोनदा जुळवलं आणि दोनदा गिळलं. त्याऐवजी त्यांनी ऋताला एक वळण, दोन सिग्नल आणि एक ट्रक दाखवला. माया करायची उल्हासरावांची ती एकच रीत होती. पोरगी चालायला लागल्यापासून ते तिला पायरी दाखवत आले होते, गरम तवा दाखवत आले होते, दाराची फट दाखवत आले होते. आपल्याकडच्या बहुतेक बापांचं असंच असतं. चांगलं ज्याचं त्याला दिसतंच, दाखवायचं ते वाईट.

"काका, टेन्शन घेऊ नका," काठाशी पिवळ्या होडीत आपल्या पाळीची वाट बघत बसलेला मिहीर म्हणाला. तो ऋताच्या ऑफिसातला, पुण्याहून येऊन दोनच वर्षं झालेला. "ऋता इथली बेस्ट आहे, यार. आय मीन, काका."

"बेस्ट असेल रे. पण एवढा वेळ उलटी का राहते?"

"पाण्याने पकड सोडेपर्यंत थांबायचं असतं. पॅनिक झालं की संपलं."

हा शेवटचा शब्द पोराने अगदी सहज उच्चारला. 

"मी काही करू का?" त्यांनी विचारलं. नुसतं उभं राहून भीती आवरत नव्हती.

"तुम्ही त्या वरच्या खडकावर थांबा. तिथून खालपर्यंत सगळं दिसतं. आम्हाला होडीत बसून नाकापुढचं तेवढं दिसतं. काही वाटलं तर हात करा. आवाज ऐकू येत नाही."

उल्हासराव खडकावर चढले. काम मिळालं तसा जीव जरा थाऱ्यावर आला. दोन दिवसांपूर्वी वर डोंगरात पाऊस झाला होता आणि पाणी चहासारखं दिसत होतं.

त्यांना ते लाकूड दिसलं तेव्हा ऋता लाटेत गिरक्या घेत होती. बंधाऱ्याच्या पलीकडच्या टोकावरून एक आख्खं झाड, मुळांसकट, घरंगळत खाली आलं आणि पलीकडच्या धारेच्या तोंडाशी अडकलं. बघता बघता खोड पाण्याखाली दबलं. वर राहिली ती एकच फांदी, पाण्याच्या जोराने वरखाली हलणारी. मिहीर मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा आवळत होता.

आणि तेवढ्यात लाटेने ऋताला बाहेर फेकलं.

निळी होडी पालथीच वाहत निघाली. सातव्या आकड्याला ती सुलटी झाली. ऋताची पाठ प्रवाहाच्या दिशेला होती. तिने आधी वर, खडकाकडे पाहिलं.

"लाकूड!" उल्हासराव जिवाच्या आकांताने ओरडले. "ऋता, तिकडे लाकूड आहे!"

पाण्याच्या आवाजात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. म्हणून त्यांनी उजवा हात खांद्यापासून ताठ केला आणि पलीकडच्या धारेकडे बोट दाखवलं. ऋताने मान वळवून तिकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात आणखी जोरात पुढे केला, दोनदा, तीनदा. बघ, तिकडे, तिकडेच!

तिने होडी वळवली आणि वल्ह्याचे लांब, ठाम फटके मारत ती पलीकडच्या धारेकडे निघाली.

उल्हासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. हात तसाच पुढे राहिला. तो खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

होडी फांदीवर आदळली, आडवी झाली आणि पाण्याने तिला खालून उचलून उलथी केली. लाल हेल्मेट दिसेनासं झालं. मिहीर ओरडत पिवळी होडी बेटाला लावत होता, दोराची थैली घेऊन खडकांवरून धावत होता. उल्हासराव खडकावरून कसे उतरले ते त्यांना नंतर कधी आठवलं नाही. ते बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभे होते आणि आकडे दहाच्या पुढे गेले होते. चौदा, पंधरा. पुढचे आकडे त्यांना येईनात. देवाचं नाव घ्यावं, तर तेही येईना.

मग झाडाच्या खालच्या अंगाला एक हात वर आला. त्यामागून हेल्मेट. ऋता होडीतून सुटली होती. दोन्ही हातांनी तिने खोडाला मिठी मारली होती. मिहीरने दोर फेकला. तो पहिल्या फेकीत तिच्यापाशी पडला.

त्या दोघांना अलीकडच्या काठावर यायला दहा मिनिटं लागली. ऋताच्या गालावर फांदीचा लांब ओरखडा होता आणि दात वाजत होते. उल्हासरावांनी आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं.  खालच्या डोहात कुणीतरी तिची रिकामी होडी पकडून काठाला लावत होतं.

मिहीर त्यांना थोडं बाजूला घेऊन गेला.

"काका, तुम्ही तिकडे हात का केलात?"

"लाकूड होतं ना तिकडे. तेच सांगत होतो."

 मिहीरने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"माझी चूक, काका. मी सांगायला पाहिजे होतं. नदीवर धोका असतो तिकडे कधी हात करत नाहीत. जायचं असतं तिकडेच करतात. होडीतल्या माणसाला हात दिसला, की तो हाताच्या दिशेने जातो."

उल्हासरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला.

ते परत आले तेव्हा ऋता थर्मासमधला चहा पीत होती. ते तिच्या शेजारी ओल्या वाळूत बसले.

"ऋता, मला ते ठाऊक नव्हतं गं. मी तुला लाकूड दाखवत होतो."

"आय नो, बाबा. नंतर कळलं."

"तुला दिसलं नाही का ते? फांदी वर होती."

ऋता कपातल्या वाफेकडे बघत राहिली.

"दिसली होती मला. आय सॉ इट. पण तू हात केलास. मला वाटलं, तुला वरून जास्त दिसतंय, तर असेल काहीतरी वाट." तिने चहाचा घोट घेतला. "प्लीज, आईला सांगू नकोस."

उल्हासरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ही मुलगी आपलं काही मनावर घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. चार पाहुण्यांत ती त्यांनी हसत हसत केली होती.

अर्ध्या तासाने ऋता उठली. मिहीरने आधी जाऊन अलीकडची धार नीट बघितली, आणि दोर घेऊन तो बेटावर थांबला.

"एकदाच जाते, बाबा. आज नाही गेले ना, तर परत कधीच जाणार नाही."

ती होडीत बसली. कमरेभोवतीचा रबरी पडदा तिने होडीच्या काठावर ओढायला घेतला. सांगायची वेळ हीच होती. उल्हासराव पुढे झाले आणि त्यांनी होडीच्या नाकावर हात ठेवला. ऋताचे हात थांबले. तिने वर पाहिलं, अगदी सरळ, वाट बघत.

"काय, बाबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "अलीकडच्या धारेने ये."

त्यांनी हात काढून घेतला.

ते पुन्हा खडकावर चढेपर्यंत ती काठाकाठाने लाटेपर्यंत पोचली होती. खिशातला फोन वाजला. रेखाताई होत्या.

"सांगितलंत का तिला?"

"नाही."

"अहो, मग गेलात कशाला? आता कुठाय ती?"

"पाण्यात."

"एवढं एक काम सांगितलं होतं तुम्हाला! का नाही सांगितलंत?"

खाली निळी होडी लाटेत शिरत होती. उल्हासरावांनी तिच्यावरची नजर काढली नाही.

"रेखा," ते म्हणाले, "तिने ऐकलं असतं."