लाकडी झाकणाखालची तीन वर्षं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. हिवरखेडला जाईबाईंच्या घरी, आतल्या खोलीत राहते. त्यांच्या लेकीने, ज्योत्स्नाने, मला अकोल्याहून आणलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. गावातल्या निम्म्या पोरींचे शाळेचे गणवेश आम्ही दोघींनी शिवले. तिच्या काजांचं कौतुक तर पार तेल्हाऱ्यापर्यंत होतं.

मित्रांनो, मग ती आजारी पडली. समोर नसलेली माणसं तिला बोलताना ऐकू येऊ लागली. अकोल्यात उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात ते आवाज थांबले. थोडी सरकारी मदत मिळावी म्हणून तिने स्वतःच अर्ज करून अपंगत्वाचं कार्ड काढलं. त्यावर ‘मानसिक आजार’ असं लिहून आलं. ते दोन शब्द गावभर झाले. शेजारच्या केशरबाईंनी शिवायला दिलेलं कापड तसंच परत नेलं. धाकट्या भावाने, प्रीतमने, आईला सांगितलं की हिच्या हाती सुई-कात्री ठेवणं बरं नाही. जाईबाईंनी माझ्यावर लाकडी झाकण घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

त्या अंधारात माझं तेल सुकलं. ज्योत्स्ना झाकणावर हात ठेवून बसे. घरी पाहुणे आले की तिला माझ्याजवळ बसवून दार ओढून घेत.

तिसऱ्या वर्षी प्रीतमचं घर बघायला मुलीकडची माणसं आली. घरात अजून कोण कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

प्रीतम म्हणाला, "मी अन् आई. दोघंच."

ज्योत्स्नाने झाकणावरचा हात उचलला. मग ती उठली आणि दार उघडून बाहेर गेली.

"मी आहो," बाहेरून तिचा आवाज आला. "ज्योत्स्ना. याची मोठी बहीण. बिमार होतो, आता रोज गोळ्या घेतो."

पाहुणे चहा पिऊन गेले. दोन दिवसांनी नकार आला. प्रीतमने तिच्याशी बोलणं टाकलं. आठवडा गेला. एका दुपारी जाईबाई आत आल्या आणि कुलूप काढलं. आपलं फाटकं लुगडं पुढे करून म्हणाल्या, "हे शिवून दे मले." आणि सुईवर नजर ठेवून समोरच बसल्या. त्यांची भीती गेली नव्हती. ज्योत्स्नाने दोरा ओवला. माझं चाक करकरत फिरलं.

केशरबाई अजून आलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी मला पुन्हा कुलूप लागतं.

मित्रांनो, तुमच्या शेजारी असं कोणी असेल, तर कार्डावरचं वाचून थांबू नका. त्याला नावाने हाक मारा, एखादं काम सांगा. चुकलंच, तर उसवून पुन्हा शिवता येतं.