पाळीपाळीने निवृत्ती

सूतगिरणी कामगारांच्याच मालकीची होती, म्हणजे बोंब मारायची तर ती स्वतःच्याच नावाने. कारभार बघायला नऊ जणांचं मंडळ, तिन्ही पाळ्यांतून तीन-तीन माणसं. मुदत संपली की नऊच्या नऊ एकदम घरी आणि नऊच्या नऊ कोरे करकरीत आत. ते विचारायचे, "पंखे? कसले पंखे?" की झालं, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पंखे हवे होते पिंजणखात्यात, धूळ ओढून बाहेर टाकणारे. हे खातं फक्त पहिल्या पाळीत चालायचं आणि त्याच पाळीत सूत कातणाऱ्या ताईचा धाकटा भाऊ तिथेच राबायचा. पस्तिशीही गाठली नव्हती, पण जिना चढताना मध्येच बसायचा. "हवा खातोय," म्हणायचा. हवा कसली, कापूस खात होता मेला! ताईच्या जिवाला घोर लागला होता. पंखे लागायच्या आत हा हातचा जातो की काय, दुसरा विचारच नाही डोक्यात.

म्हणून ती पहिल्या पाळीतून मंडळावर निवडून आली आणि पहिल्याच बैठकीत उभी राहिली. "सगळे एकदम जाऊ नका. दर वर्षी तिघांनी जायचं, सहा जणांनी राहायचं. जुनं माहीत असलेलं कुणीतरी हवं की नको?"

सगळ्यांना पटलं. अध्यक्ष म्हणजे तिसऱ्या पाळीतला जाडा फोरमन, त्याला सगळे घड्याळदादा म्हणत. तो म्हणाला, "वा, ताई! मग नियमही तुम्हीच सांगा."

ताईने झोकात सांगितला. "प्रतिनिधी पाळीपाळीने निवृत्त होतील. पहिली पाळी एका वर्षाने, दुसरी दोन, तिसरी तीन." तिच्या मनात होतं चिठ्ठ्या टाकायचं. दर वर्षी प्रत्येक पाळीतला एकेक जण जाईल, दोघं राहतील. 'आता तुझी पाळी' म्हणतो ना आपण, ती पाळी. पण गिरणीत हयात गेलेल्या माणसांना भोंगा वाजतो तेवढीच पाळी माहीत! नियम एकमताने मंजूर झाला.

मग वर्षभर ताईने खेटे घातले, भांडली, रडलीसुद्धा. पंख्यांचा विषय कसाबसा मतदानापर्यंत आणला. आणि मतदानाच्या आधीच्या बैठकीत घड्याळदादा हसत म्हणाला, "चला, पहिली पाळी सुटली!"

"अहो, तसं नव्हतं ते! प्रत्येक पाळीतला एकच जायचा."

"ताई, शब्द तुमचेच. बदलायचा तर बदलू, सहा हात लागतील."

पहिल्या पाळीचे तीन हात वर गेले. बाकीचे टेबलाकडे बघत बसले. आयती मिळालेली मुदत कोण सोडतंय? ताईला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

तिघांच्या जागी दोन अगदी नवखे आले. तिसऱ्या जागेला कुणी उभंच राहीना, तेव्हा धाकटा म्हणाला, "मी बोलतो की. माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे ते?" ताईने त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. त्याला दम लागायचा तिथे वाक्य तोडून दिलं, आणखी तोडून दिलं.

बैठकीच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती. दार उघडलं. धाकटा बाहेर आला, चेहरा घामाने भिजलेला.

"बोललास?"

"उभा राहिलो. चार शब्द बोललो आणि जी ढास लागली, ती थांबेचना. घड्याळदादा स्वतः उठला गं, पाणी दिलं, पाठ चोळली. म्हणाला, तुम्ही आधी ठणठणीत बरे व्हा, मग पंख्यांचं निवांत बोलू. सगळ्यांनी हात वर केले."

"कशाला?"

"विषय पुढे ढकलायला." त्याने भिंतीला टेकून श्वास गोळा केला. "फार चांगली माणसं आहेत, ताई. मग मीही केला हात वर."