दानीएलचं काम

"हे तुझं हाय म्हनं," असं म्हणून भिमाजीनं खाकी कागदाची एक पुडी गहिनीनाथ मिस्त्रीच्या पुढ्यात टाकली.

गहिनीनाथनं ती उलगडली. आत त्याच्याच बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, तेलानं आणि धुळीनं पापड झालेला. पुणतांब्याच्या नाक्यावर भर दुपारी, चार माणसांदेखत, अकरा वर्षांची कारागिरी अशी कागदात गुंडाळून परत आली.

भिमाजीची पिकअप लष्कराच्या लिलावातली. मैलाचा काटा दोनदा फिरून शून्यावर आला होता आणि मग कंटाळून कायमचा थांबला होता. तिचं सगळं बाळंतपण गहिनीनाथनं केलेलं. त्यात हे दुष्काळाचं साल. रस्तोरस्ती खडी फोडायची कामं निघाली आणि रस्त्यांचं नुसतं पीठ झालं. गाडी हवेबरोबर ते पीठ गिळायची आणि धापा टाकायची. गहिनीनाथनं काय केलं, बाई पाणी गाळते तसं हवा गाळायला कार्बोरेटरच्या तोंडावर लुगड्याचा तुकडा बांधला. दोन महिने चाललं. मग कापड धुळीनं चोंदलं, गाडी काळा धूर ओकायला लागली, चढावर माणसं उतरवायची पाळी आली, आणि भिमाजी कुणाला न सांगता तिला नगरला दानीएल मिस्त्रीकडं घेऊन गेला.

दानीएल लष्कराच्या कारखान्यात शिकलेला. त्यानं हवा ओढायचा पाइप बॉनेटच्या बाजूनं काढून थेट टपाच्या वर नेला, जिथं धूळ कमी. वर उपड्या वाटीसारखं टोपण बसवलं, खाली तेलाचं भांडं जोडलं. उरलीसुरली धूळ त्या तेलात बसते. कुजलेला सायलेन्सर काढून टाकला आणि धुरासाठी रुंद, आखूड पाइप बाजूनं बाहेर काढला. इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला मोकळीक झाली. आता गाडी भरल्या अंगानं चढ चढायची आणि तिचा आवाज स्टेशनापासून गोदावरीच्या घाटापर्यंत ऐकू यायचा.

गावाला तेवढंच पुरलं. जो तो म्हणायचा, दानीएलनं मढं उठवलं. हे ऐकलं की गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अकरा वर्षं मढं होऊ दिलं नाही त्याचं काय? पण असं कोण बोलतो! न मेलेल्याचं कौतुक कुणी करत नाही. घरी बायको चांगुणासुद्धा भाकरी थापता थापता म्हणाली की गाडीचा आवाज कसा वाघासारखा येतो, आणि तो ताटावरून उठला. खोटं कशाला बोला, त्याला हेवाच वाटत होता. दानीएलचा वाटत होता, त्याच्या लष्करी पान्यांचा वाटत होता, आणि दुसऱ्याच्या हाताखाली बरी झाली म्हणून त्या गाडीचा तर रागच आला होता.

एकदा दानीएल कुणाच्या तरी लग्नाला आला तेव्हा वाट वाकडी करून गहिनीनाथच्या शेडशी थांबला. उंच, हळू बोलणारा माणूस. म्हणाला, तुम्ही इतकी वर्षं चालवली म्हणून तर ती माझ्या हाती लागली. माणूस मनापासून बोलला असेल. गहिनीनाथला मात्र तो टोमणा वाटला आणि दोन दिवस पोटात दुखलं.

मग त्यानं गाडीत खोड काढायचा धंदाच सुरू केला. वरच्या पाइपातून पाणी आत जाईल, म्हणाला. पाऊसच नव्हता, लोक हसले. आवाजानं इंजिनाचं हेड तडकेल, पेट्रोल दुप्पट खाईल, एक ना दोन. महिन्याभरात सात खोडी काढल्या आणि सातही खोट्या ठरल्या. शेवटी भिमाजीनं बजावलं की आता गाडीला हात लावायचा नाही.

आणि मग आठवी खरी निघाली.

भिमाजी दर शनिवारी शिंगणापूरला माणसं न्यायचा. मागं दोन फळ्यांवर पंधरा-सोळा जण, वर ताडपत्री, आणि धूळ येऊ नये म्हणून चारी बाजूंनी घट्ट बांधलेली. तीन तासांचा रस्ता. एका सोमवारी गाडी नाक्यावर उभी असताना गहिनीनाथची नजर ताडपत्रीच्या आतल्या अंगाला गेली. तिथं काजळी होती. त्यानं वाकून पाहिलं. धुराचा आखूड पाइप बाजूला, बरोबर ताडपत्रीच्या खालच्या फटीशी संपत होता. धूर आत जात होता आणि आतच राहत होता. दानीएलनं गाडी उघडी पाहिली होती. शनिवारची ताडपत्री त्याला कुठून ठाऊक असणार?

त्या फळीवर दर शनिवारी साळूबाई बसायची. आई गेल्यावर गहिनीनाथ हिच्याच भाकरीवर वाढला होता. दोन-तीन शनिवार झाले, ती घरी येऊन डोकं बांधून पडायची. गेल्या खेपेला तर शिंगणापुरात उतरल्याबरोबर ओकली आणि खाली बसली. सगळे म्हणाले उपास बाधला, ऊन बाधलं.

गहिनीनाथला ठाऊक होतं काय बाधलं ते. पेट्रोलचा धूर कोंडला की माणूस झोपेतच जातो, हे त्याच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आणि हे कळताक्षणी त्याला आधी काय वाटलं असेल? आनंद झाला. सापडला दानीएल, असं वाटलं. अजून एक-दोन शनिवार जाऊ दिले, एखादं माणूस नीट आडवं झालं, की गावच म्हणेल, गहिनी खरं बोलत होता. एवढा विचार पुरा झाला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

तो भिमाजीकडं गेला. भिमाजीनं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "गहिनी, सात झाल्या. ही आठवी. आता तरी पोटातली आग इझव की."

गहिनीनाथ साळूबाईला घरीच थांब म्हणाला, तर ती म्हणाली, देवाच्या वाटेत आडवा येऊ नकोस.

शनिवारी तोही गाडीत बसला. लोकांना नवल वाटलं. साडेसाती उतरवायला निघाला म्हणाले. पायाशी गोणपाटात गुंडाळलेला, शेडमागं पडलेल्या इंजिनाचा धुराचा पाइप होता. सोनईच्या पाव्हण्याला द्यायचाय, असं त्यानं सांगितलं. साळूबाईच्या बाजूची ताडपत्री त्यानं हातभर सोडून धरली. धूळ येते म्हणून बाकीचे कुरकुरले, पण त्यानं सोडली नाही.

शिंगणापुरात सगळे आंघोळीला आणि तेल घालायला गेले. भिमाजीही ओलेत्यानं गेला. गाडी तशीच उघडी. या गावात घराला दार नाही, तिथं गाडीला राखण कोण ठेवतो? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला तर माणूस आंधळा होतो म्हणतात. गहिनीनाथ गाडीपाशी घटकाभर उभा राहिला. मग शनिदेवाच्या दिशेनं हात जोडून म्हणाला, "देवा, मी काय नेत न्हाई. ठिवतोय."

आणि गाडीखाली शिरला. पाइप अजून तापलेला होता, तळहात भाजला. त्यानं दानीएलच्या पाइपावर आपला पाइप चढवला, पट्ट्या आवळल्या, तारेनं चासीला टांगला आणि तोंड पार मागच्या टोकाबाहेर काढलं. वर काजळी आणि चिखल फासला. काम झालं आणि त्यानं ते पडल्यापडल्याच नीट पाहून घेतलं. काम फार सुरेख झालं होतं. दाखवायला कुणी नव्हतं.

परत येताना साळूबाई सगळी वाट बोलत होती.

पुढचे तीन शनिवार तिनं डोकं बांधलं नाही. चौथ्या सोमवारी भिमाजीची गाडी नाक्यावरच पंक्चर झाली. जॅक लावायला तो जन्मात पहिल्यांदा गाडीखाली वाकला आणि तिथूनच त्यानं गहिनीनाथला हाक मारली. नाक्यावरचे चौघेही जमले.

"हे बघ. पाइप पार मागं न्हेलाय. आन् तू म्हनत हुतास धूर आत येतो. याला म्हनत्यात डोस्कं. बघ, दानीएलचं काम बघ."

गहिनीनाथ वाकला. पट्टीचा एक नट जरा ढिला झाला होता. आपल्या हातानं आवळायचा त्याला मोह झाला. सांगितलं असतं तर भिमाजीनं नवव्या खोडीत धरलं असतं, नाहीतर चोरून हात लावला म्हणून पाइपच उपटून फेकला असता. मग पुन्हा शनिवार होताच. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"व्हय," तो म्हणाला. "काम लई चांगलं हाय."

भिमाजीला बरं वाटलं. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की एवढंच ऐकायचं होतं, माणसानं मन असं मोठं ठेवावं. मग नगरला गेल्यावर दानीएलला हे नक्की सांगतो म्हणाला.

"सांगा," गहिनीनाथ म्हणाला. "आन् त्यो नट आवळून घ्या त्याच्याकडून."

शेडकडं परतताना त्याच्या पोटात पुन्हा तीच आग पेटली होती. एवढं सुरेख काम दानीएलनं केलं, याचा त्याला भयंकर हेवा वाटत होता.