कडी काढलेलं दार

तुरुंगाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की धाकटा भेटायचा. आत तो कधी आला नाही. सुताराला बाहेरच्या कामावर धाडायला लागल्यापासून मात्र रोज, तो दुरुस्तीला जाई त्या शाळेपर्यंत, मागे मागे.

"दादा, आज कशाला रंधा मारायचा?"

मेलेल्या भावाला काय सांगायचं? सुतार पिशवी सावरत चालत राही. अकरा वर्षांपूर्वी दारू पिऊन आलेल्या धाकट्याला त्यानेच कारखान्यात कोंडलं होतं, बाहेरून कडी घालून. आत दिवा कलंडला, भुसा पेटला. धाकटा दार बडवत राहिला. 'बडव, उतरू दे जरा,' म्हणत हा पायरीवर बसून राहिला. धूर दिसला तेव्हा उशीर झाला होता.

असे नऊ कैदी कामाला बाहेर जात. सोबत पहारा नाही. अट एकच, पाचला फाटकात. एक चुकला तर नऊही जणांचं बाहेर जाणं बंद.

"मिस्त्री, वेळ सांभाळ हं," बागकामाला जाणारा म्हातारा बजावी. "माझी रोपं वाळली तर तुझ्या टाळक्यावर लावीन."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. राखणीला एकटी शिपाईण मावशी. सुताराने सामानाच्या खोलीचं दार तासलं, गंजलेली कडी उपसून काढली, आणि तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं.

सुतार आत होता तिथेच उभा राहिला. अकरा वर्षांत तुरुंगातलं एकही दार त्याने स्वतः उघडलं नव्हतं. दार लागलं की थांबायचं, कुणीतरी येतं, उघडतं. हाडात मुरलं होतं ते.

"दादा, ढकल की," पलीकडून धाकटा म्हणाला.

"मी कुठे उघडलं होतं तुला?" सुतार पुटपुटला. "तू कशाला खरं सांगशील?"

तो ठोठावू लागला. हळूच, अदबीने. ऊन फळीवरून उतरलं, जमिनीवर आलं, भिंत चढू लागलं. टक टक. टक टक. पलीकडे धाकटा रडवेला झाला, "ढकल ना रे दादा, ढकल ना."

सव्वापाचला मावशी धुणं आटोपून विहिरीवरून परतली. तिने एका बोटाने दार ओढलं.

"अगंबाई! अहो मिस्त्री, दाराला कडीच नाही! ही काय, तुमच्या हातात!"

त्या कडीनेच तो ठोठावत होता.

सुतार धावत सुटला. मावशीही मागून धापा टाकत आली, साक्ष द्यायला. फाटकात आठ जण रांगेत उभे, माना खाली.

जेलरसाहेबांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं. "ढकललं का नाहीस?"

"बंद होतं, साहेब."

साहेबांनी नऊ नावांची यादी पुढे ओढली.

"यांना कामाला जाऊ द्या," सुतार म्हणाला. "मला आत ठेवा. बाहेर मला जमत नाही."

साहेबांनी यादीतून एकच नाव खोडलं. म्हाताऱ्याने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला. "येडा रे येडा," म्हणाला.

सहाला बराकीला कुलूप पडलं. आता बाहेर जाणं नाही, म्हणजे धाकटाही नाही. सुटलो, असं सुताराला वाटायला हवं होतं. तो कूस बदलत राहिला.

मग अगदी कानाशी, थकलेला, लहानपणचा आवाज आला.

"दादा, सरक जरा."

सुतार भिंतीकडे सरकला. अर्धी घोंगडी रिकामी ठेवली.