इंजिन थंड होईपर्यंत

इटलीतल्या आमच्या ब्रिसिगेल्लात कुणाला जुनी लाल मोटरसायकल घ्यायची झाली, की तो आधी माझ्याकडे येतो. बाबांच्या गॅरेजमध्ये मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे इंजिनाला कुठे दुखतंय ते मला कळतं. चुलतभाऊ, मेव्हणे, पाद्रीबाबांचा पुतण्या, सगळ्यांच्या गाड्या मीच तपासल्या. ‘नीवेस, तेवढी बघून दे ना!’ आणि बघून दिली, की किल्ली खिशात घालून स्वारी पसार. मी चालवून बघते म्हटलं, की हसायचे. लायसन्स तरुणपणापासून पाकिटात पडून आहे. मला याचा मनस्वी राग येतो, आणि चालवायची हौस काही केल्या जात नाही.

परवाच्या रविवारी नवऱ्याची पाळी होती. ओरियानो निवृत्त झाला आणि त्याला वेगाचं वेड लागलं. वर डोंगरात आर्जियाबाई राहतात, त्यांना गेलेल्या नवऱ्याची गाडी विकायची होती. वाटेत कार चालवता चालवता मी त्याला बजावलं, “तोंड बंद ठेव. वा, छान, सुंदर, काही म्हणायचं नाही. भाव चढतो.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

अंगणात ती लाल गाडी उन्हात उभी होती.

“अगं आई गं, काय सुंदर आहे!” ओरियानो ओरडला.

मी एक हात कपाळाला लावला आणि दुसरा इंजिनाला. चटकाच बसला. इथेच माझं डोकं फिरलं, कारण पहिली गोष्ट बघायची ती हीच. इंजिन थंड हवं. गरम इंजिन कसंही सुरू होतं, म्हणून ज्याला काही लपवायचंय तो गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतो.

“बाई, ही आधीच चालू केली होतीत?”

“मग? पाहुणे येणार आणि गारढोण गाडी पुढ्यात ठेवू?” आर्जियाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “माझा तोन्यो कुणी बघायला येणार म्हटलं, की आधी गाडी तापवायचा. मी तिकडे रस्सा तापवायचे. आमच्याकडे असंच असतं!”

आमच्या माणसांचा पाहुणचार आणि लबाडी यांतला फरक दुसऱ्याला ओळखताच येत नाही.

“थंड होईपर्यंत थांबावं लागेल,” मी म्हणाले.

“मग जेवा,” त्या म्हणाल्या.

रश्श्यात इवल्या टोप्यांसारखे, चीज भरलेल्या पास्त्याचे कापेल्लेत्ती होते. ओरियानो परत परत वाढून घेत होता आणि खिडकीतून गाडीकडे बघत होता. “याआधी तिघं येऊन गेले,” बाई म्हणाल्या. “जेवायला एकही थांबला नाही. गाडी जाणार कुणाकडे, ते मलाही बघायला नको?”

ऊन कललं तेव्हा इंजिन हाताला गार लागलं. मी बटण दाबलं. पहिल्याच दमात सुरू झालं, ना धूर, ना खोकला. क्लच डब्यातल्या चमच्यांसारखा खुळखुळायला लागला; या गाड्यांचा तसाच वाजतो. परगावचा माणूस तो आवाज ऐकून पळून जातो. आमचे लोक तो ऐकत उभे राहतात आणि घरी जेवण थंड होतं. मग गाडी बंद करून मी झाकण काढून इंजिनाचे दातेरी पट्टे पाहिले. ते दर दोन वर्षांनी बदलावे लागतात, गाडी नुसती उभी असली तरी. तुटले तर इंजिनच संपलं. पट्टे नवे होते. पुढच्या शॉकच्या नळ्यांना तेल सुटलेलं नव्हतं, ब्रेकच्या दांड्यांची टोकं घासलेली नव्हती, म्हणजे गाडी कधी पडली नव्हती. खोट काढायला जागाच नव्हती.

“जा, फिरवून आण,” मी ओरियानोला म्हणाले. चालवायची मलाच होती, पण त्याचा चेहरा एवढा फुलला होता, की काय करणार.

या गाडीवर पोट टाकीला लावून वाकून बसावं लागतं. ओरियानो वळणापर्यंत गेला, परत आला आणि उतरेना.

“काय झालं रे?”

“नीवेस... पाठ... सरळच होत नाही गं!”

आम्ही दोघींनी त्याला दोन्ही काखांत धरून सोडवला आणि बाकावर पालथा निजवला. गाडीचा खिळा न् खिळा तपासला होता, नवऱ्याची पाठ तेवढी तपासायची राहिली. मला हसू आवरेना, आणि तोही बिचारा कण्हत कण्हत हसत होता.

आर्जियाबाईंनी किल्ली उचलली. वाटलं, झालं, चौथं गिऱ्हाईक परत. तर त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

“मी? माझं काय...”

“तिच्यासाठी दुपारभर कोण थांबलं? कान कुणी लावला? पोरी, चढ आता. उगाच लाजू नकोस.”

ओरियानोचं नवंकोरं हेल्मेट मला ढगळ होत होतं. पहिल्या वळणाला भीती वाटली, दुसऱ्याला कमी, आणि मग ऑलिव्हच्या बागांमधून वर जाताना मी आत हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसत होते. इतकी सुखी मी माझ्या लग्नातही नव्हते.

परत आले तेव्हा ओरियानोने बाकावरूनच मान वर केली. “काय मग? घ्यायची?”

“घेतली. पण तुझ्यासाठी नाही.”

आर्जियाबाई फाटक उघडायला लागल्या. “व्यवहाराचं उद्या बघू. अंधार पडायच्या आत ने.”

“आणि मी?” ओरियानो.

मी हेल्मेट काढलंच नव्हतं. कारची किल्ली त्याच्या पोटाखाली सरकवली आणि म्हणाले, “तू ये सावकाश.”