पाटीवरचं नाक

“आता जे सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” म्हातारा असाहेल टटल म्हणाला आणि त्याने सफरचंदाच्या दारूचा मग शेकोटीच्या कडेला टेकवला. “डुकरं इथे असती तर त्यांनीच साक्ष दिली असती.”

एरवी थँकफुल पेकला हसू फुटलं असतं. पण तिच्या खाणावळीच्या दाराला बाहेरून शिडी लावलेली होती आणि ती आणवली होती डीकन एल्काना प्रॅट यांनी.

मार्चची गावसभा आटोपून सगळं गाव तिच्याकडे जेवायला आलं होतं. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी. गाण्याची सुरुवात रविवारी त्यांच्याच गळ्यातून व्हायची. “देवाने मला शेत खडकाळ दिलं, पण गळा दिला,” असं ते स्वतःच सांगत. आज त्याच गळ्याने जेवणाची प्रार्थना म्हटली आणि ‘आमेन’चा सूर विरतो न विरतो तोच फर्मावलं, “दारावरची पाटी उतरवा.”

पाटीवर राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचा चेहरा होता. आठ वर्षं कारभार करून गडी नुकताच पायउतार झाला होता.

“तो गेला, आता थोबाडही जाऊ दे,” डीकन म्हणाले. “नाहीतर बाई, पुढच्या सभेचं जेवण माझ्या मेव्हण्याच्या खाणावळीत.”

सभेचं जेवण गेलं की त्याच्या मागोमाग गिऱ्हाईकही जाणार, हे थँकफुलला कळत होतं. आणि डीकनांच्या शब्दाबाहेर जायचं कुणी? जेफरसनने घातलेल्या व्यापारबंदीत त्यांच्याइतकं कुणी पोळलं नव्हतं. खाणावळीमागे उतार, उतारापाशी ओढा, ओढ्यापलीकडे कॅनडा. आणि कायदा असा की पलीकडे अंडंसुद्धा न्यायचं नाही. डीकनांची डुकरं विकल्यावाचून राहिली नि उपाशी मेली, असं ते चर्चच्या पायरीवर सांगत, तेव्हा बायका पदराला नाही तरी रुमालाला डोळे पुसत.

पण पाटी रंगवली होती थँकफुलच्या नवऱ्याने, जोथमने. त्याने राष्ट्राध्यक्षांना जन्मात पाहिलं नव्हतं. केस तांबूस आहेत एवढं कुणाकडून तरी कळलं, तेवढे तांबूस केले. बाकी चेहरा आरशात बघून काढला. जोथम जाऊन दोन हिवाळे झाले. त्याचं नाक मात्र अजून दारावर वारा खात होतं.

“मला एक सांगा,” थँकफुलने बीन्सचं पातेलं खाली ठेवत विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “माणूस चांगला होता की वाईट?”

“चांगला, वहिनी!” ऑरेंज व्हीलर लोहार म्हणाला. “दारूवरचा कर काढला. फ्रेंचांकडून एवढी जमीन विकत घेतली की देश दुप्पट झाला, आणि एक गोळी झाडली नाही.”

“देश दुप्पट आणि पोट अर्धं,” डीकन म्हणाले.

“सगळी माणसं समान, असं लिहून ठेवलं त्याने,” थँकफुलची नणंद सबमिट विणकामावरून नजर न काढता म्हणाली, “आणि त्याच्याच शेतावर गुलाम राबतात. ते कुठल्या पारड्यात घालायचं?”

एका पारड्यात अर्धा देश आणि दुसऱ्यात हे सगळं, असा तराजू कुणाच्या स्वयंपाकघरात सापडायचा? थँकफुल दाराकडे बघत राहिली. डीकनांनी शिडीकडे बोट दाखवलं, तेवढ्यात असाहेलने डुकरांचा विषय काढला होता.

असाहेलच्या थापांना या घरात एक नियम होता, जोथमनेच घातलेला. थाप पकडायची तर मोठ्याने पकडायची आणि कशावरून खोटं, तेही सांगायचं. नाही सांगता आलं तर सगळ्यांना पाजायचं. त्यामुळे लोक बहुधा गप्प बसून ऐकत.

“गेल्या पानगळीतली गोष्ट,” असाहेल म्हणाला. “धुकं पडलेलं. या दारावरून डुकरांचा कळप ओढ्याकडे निघाला. कुणाचा, मला काय माहीत! हाकणारा कुणी नाही. हाकलं तर गुन्हा; डुक्कर आपल्या पायांनी फिरायला गेलं तर कायदा काय करणार? सगळ्यांच्या पुढे एक फाटक्या कानाची मादी. तिने मान वर केली, पाटी बघितली आणि बसकण मारली. म्हणाली...”

“डुकरीण म्हणाली?” लोहाराने विचारलं.

“हुंकारली रे! अर्थ मला कळला. म्हणाली, ‘पोरांनो, या नाकादेखत मला कायदा मोडवत नाही.’”

हशा उसळला. थँकफुलचं लक्ष मात्र डीकनांकडे गेलं. मागच्या रविवारी पाद्र्याची चूक भर प्रवचनात दाखवणारा हा माणूस आज एवढी थाप ऐकून मगाच्या तळाशी काय शोधत होता?

“असाहेलकाका,” तिने हळूच विचारलं, “ओढ्यापलीकडे कुणी होतं का हो?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“होता तर! कॅनडाच्या मातीत पाय रोवून, मक्याची टोपली घेऊन एक इसम उभा. तोंडाला मफलर. डुकरांना हाका मारत होता. पण पोरी, काय तो आवाज! गंजकी बिजागरी परवडली. फाटका, बेसूर, वर नाकातून. पिल्लांनी कान पाडले.”

डीकनांच्या मानेवर लाली चढू लागली.

“मादी म्हणाली, ‘असल्या गळ्यामागे जाण्यापेक्षा आपल्या राष्ट्राध्यक्षाखाली उपाशी मेलेलं बरं.’ आणि अख्खा कळप माघारी...”

“खोटं!” डीकन उठले तसा बाक मागे कलंडला. “साफ खोटं!”

“कशावरून, डीकन?” थँकफुलने विचारलं. नियमच होता तसा.

“कशावरून? अगं, माझ्या पहिल्याच हाकेला ती फाटक्या कानाची पाण्यात उतरली, आणि तिच्यामागून एकूणएक डुक्कर आलं!”